हौदाची फळी

खरोट, तीर्थन खोरं
६ फेब्रुवारी २०१९

चिरंजीव लोतू यास दुनीदादाचे आशीर्वाद. कांताला आणि लेकीला, अंजूलाही सांग.

इकडे सगळं बरं आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे गुडघा बरा नाही. परवा कमरेइतकं बर्फ पडलं आणि गोठ्याचं छप्पर वाकायला लागलं. तुझी वहिनी म्हणाली, तुम्ही चढू नका, आपला पोरगा योगी येईल बंजारहून मग तो उतरवेल. मी चढलो. आता दोन दिवस तिच्याकडून गुडघा शेकून घेतोय आणि बोलणीही खातोय.

तू म्हणशील, दादाला आज पत्राची हुक्की कुठून आली? अरे बाबा, फोनवर तू 'हां दादा', 'ठीक दादा' आणि 'ठेवतो दादा' याच्यापुढे जात नाहीस. दिवाळीला बोललो तेव्हा मी मुद्दाम घड्याळाकडे बघत होतो. एक मिनिटसुद्धा झालं नाही. पत्राला 'ठेवतो' म्हणता येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

नदी आता अगदी बारीक झाली आहे, तळाचा दगड न् दगड दिसतो. मासेमारीच्या बंदीचे तीन महिने गेले, हा शेवटचा. आपल्याकडे उतरणाऱ्या दिल्लीच्या पाहुण्यांचे फोन सुरू झालेत. "पाणी कसं आहे? मासा गळाला लागतोय का?" मी म्हणतो, साहेब, एक मार्चपर्यंत बंदी आहे. तर एकजण विचारतो, थोडीशी पण नाही का चालणार? थोडीशी बंदी कशी मोडतात ते मला कुणीतरी शिकवा! मी त्याला म्हटलं, या, थोडासा तुरुंगही दाखवतो.

बापूंची गळाची काठी अजून ओसरीच्या तुळईला टांगलेली आहे. दरवर्षी मी तिला जर्दाळूचं तेल चोळतो. काल चोळताना वरच्या सराची, त्या डोंगरातल्या तळ्याची आठवण झाली. बैसाखात काठचं बर्फ सुटलं की बापू आपल्याला घेऊन चढायचे. मी काठी धरून तासन् तास उभा, आणि तू पालथा पडून दगडाखाली हात घालायचास. माशाच्या पोटाखाली बोटं अशी हलवायचास की तो ओळखीचा असल्यासारखा थांबायचा. बापू म्हणायचे, दुनीला काठी द्या, लोतूला नुसतं सोडून द्या. मला किती राग यायचा ते तुला कधी सांगितलं नव्हतं. आता सांगून टाकतो, साठीला आलो.

मला कारदार होऊन सहा वर्षं झाली. देवाच्या भांडाराच्या किल्ल्या माझ्या कमरेला असतात. फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी देवळाच्या अंगणात घरटी एक पुरुष येतो आणि देवाच्या छडीला हात लावून सांगतो, बंदीत मी नदीत हात घातला नाही. मग दुसऱ्या दिवशी गळ पडतात. ही पद्धत कुठल्या वर्षी सुरू झाली ते तुला ठाऊकच आहे. छडी आता मी धरतो.

हो, मुख्य गोष्ट राहिलीच. गेल्या सोमवारी बेलीराम आला होता, पलीकडच्या खोऱ्यातला. त्याचा मुलगा कुलदीप तुमच्या बरोटला वीजखात्यात आहे, त्यानं अंजूला बघितलंय आणि दोघांचं पटलंय म्हणे. मोठी गोड गोष्ट आहे. बेलीराम घराण्याची चौकशी करायला आला होता. मी म्हटलं, लोतू माझा सख्खा भाऊ आहे, आणखी काय पाहिजे? चहा पिऊन गेला. तू काही काळजी करू नको.

आणि एक सांगतो. एक मार्चला ये. बसनं एका दिवसाचा रस्ता, आणि एकवीस वर्षं तू पूल ओलांडून आला नाहीस. लोक विसरलेत रे आता. ज्यांना आठवतं तेही म्हातारे झाले.

वहिनीनं कांतासाठी लोकर ठेवली आहे. अंजूला तिच्या मोठ्या बाबांचा आशीर्वाद.

तुझा थोरला भाऊ,
दुनीचंद
कारदार, खरोट


खरोट
१७ फेब्रुवारी

लोतू,

तुझं पत्र कंडक्टरनं आणून दिलं. मी ते उभ्या उभ्याच वाचलं, चारच तर ओळी. 'बेलीराम नाही म्हणाला. पाण्यात विष घालणाऱ्याची मुलगी माझ्या घरात नको, म्हणाला. अंजू दोन दिवस जेवलेली नाही. दादा, तो तुझ्याच ओसरीवर बसला होता ना? तू काय सांगितलंस?'

मी काहीच सांगितलं नाही. तेच तर आहे.

त्या दिवशी नोखूकाका शेकोटीशी बसले होते. ऐंशी वर्षांचे झाले पण कान शाबूत आणि जीभ त्याहून शाबूत. बेलीरामनं तुझं नाव काढताच म्हणाले, "लोतू? म्हणजे तोच ना, पावडरवाला? ज्यानं आमची नदी मारली?" आणि सुरू झाले. पुलापर्यंत पांढरी पोटं कशी तरंगत होती, देवापुढे तू तोंड कसं उघडलं नाहीस, सगळं. बेलीराम माझ्याकडे वळला. "काय कारदार, खरं का हे?" मी म्हटलं, "जुनी गोष्ट आहे, जाऊ द्या. चहा घ्या."

लोतू, 'जाऊ द्या' म्हणजे 'हो'च झालं. त्यानं कप खाली ठेवला तेव्हाच मला कळलं होतं. तरी मागच्या पत्रात तुला 'काळजी करू नको' असं लिहिलं. काय म्हणावं मला?

आता पुढचं लिहितो. मागच्या पत्रात हेच लिहायचं होतं, आणि मी आपला गोठा आणि गुडघा लिहीत बसलो. आताही तुझ्या वहिनीनं स्वयंपाकघरातून विचारलं, सिड्डू वाफवायला ठेवू का? मी नंतर म्हटलं. आज उठलो तर पुन्हा बसणार नाही.

१९९८ साल. फेब्रुवारीची सत्तावीस तारीख. मासे वाढवायच्या हौदांचं ते माझं दुसरंच वर्ष. जुना माल सगळा विकला होता, तीनही हौद रिकामे करून घासायला घेतले होते. घासायचं म्हणजे कसं, तूच मला मदत करायचास. ब्लीचिंग पावडर कालवून भिंतींना लावायची, हौद पाण्यानं भरायचा, चार दिवस उन्हात राहू द्यायचा. वास पुरता गेला की शेताकडची फळी उचलून पाणी शेतातल्या खड्ड्यात सोडायचं. नदीकडची फळी तेव्हा उचलायची नसते. हे मला हौद बांधायच्या आधीपासून पाठ होतं.

पण त्या वर्षी ऊन कुठे होतं? तीन दिवस नुसतं ढगाळ, चौथ्या दिवशी बर्फ. खड्डा गोठून दगड झाला होता. आणि बोटुकल्यांची, हौदात सोडायच्या पिल्लांची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती. ती परत गेली असती तर वर्ष गेलं असतं. तुझी वहिनी सातव्या महिन्यात होती. मी हौदाच्या काठावर उभा राहून विचार केला, केवढी मोठी नदी आहे आपली, धुऊन नेईल. आणि नदीकडची फळी उचलली.

जेठातलं पाणी असतं तर खरंच धुऊन नेलं असतं. वर बर्फ वितळतं तेव्हा नदी दगड लोटते. फेब्रुवारीचं पाणी ते, घोट्याएवढं. नदीकाठी जन्मलेल्या माणसाला हे सांगावं लागतं का? मला त्या वेळी फक्त गाडी दिसत होती.

पाणी पांढरं होऊन निघालं. मी फळी बसवली, हात धुतले आणि घरी येऊन जेवलो.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वळणावरच्या डोहापासून पुलापर्यंत एक मासा जिवंत नव्हता. भुरे, लाल ठिपक्यांचे, हातभर लांब, बापूंच्या वेळचे म्हातारे मासे. सगळ्या काठाला तो वास. मासेचोर पावडर टाकतात हे पोरासोरांना माहीत, म्हणून सगळे एकच बोलले, कुणीतरी पावडर टाकली. माझ्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. उलट मला धीर द्यायला आले. "दुनी, बिचाऱ्या, तुझ्या हौदात पाणी घेऊ नकोस हं आज." मी मान हलवली. मूग गिळून बसलो, ते आजपर्यंत.

मग संध्याकाळी देवळाचं अंगण. देवाची छडी आणली, घरटी एकाला हात लावायला सांगितलं. बंदीत मी नदीत हात घातला नाही. एकेक जण पुढे झाला. आपल्या घरातून बापू नव्हते, म्हणून तुला बोलावलं. थोरला असून मला नाही बोलावलं, कारण हौदात नदीचं पाणी घेता येत नव्हतं, माझं नुकसान झालं असं गावानं धरलं होतं, मी फिर्यादीत बसलो होतो. आणि तू छडीला हात लावेनास.

नोखूकाकांनी तुझ्या स्वेटरची बाही ओढून हुंगली. "वास येतोय! याच्या अंगाला वास येतोय!" ते ओरडणं अजून माझ्या कानात आहे.

तू का हात लावला नाहीस ते त्या अंगणात मला एकट्यालाच माहीत होतं, आणि बायकांमध्ये बसलेल्या तुझ्या वहिनीला. तिला डोहाळे लागले होते. काही पोटात ठरत नव्हतं आणि मासा पाहिजे, मासा पाहिजे म्हणायची. हौद रिकामे. तू आदल्या संध्याकाळी हसत म्हणालास, "वहिनी, चूल पेटवून ठेव." आणि डोहात उतरलास. तू बंदी मोडली होतीस, एका माशापुरती. म्हणून खोटी शपथ तुझ्यानं घेववली नाही. आणि का उतरलो होतो हेही तू सांगितलं नाहीस, कारण गरोदर बाईसाठी देवाची बंदी मोडली म्हटलं असतं तर गावानं तिच्या पोरालाच बोल लावला असता. माझ्या पोराला.

तू एकदा माझ्याकडे पाहिलंस. मी डोक्यावरची टोपी काढून झटकायला लागलो. तिच्यावर बर्फ नव्हतं.

तुला पंगतीतून उठवलं. आठ दिवसांनी तू अंजूला पाठीला बांधून, कांताला घेऊन निघालास. मी पुलापर्यंत आलो होतो, आठवतं? तुझं गाठोडं धरायला. गाठोडं धरलं म्हणजे भावाचं कर्तव्य झालं असं मला तेव्हा वाटलं असणार. आई वारली तेव्हा तू पुलाच्या पलीकडे उभा राहिलास. कुणी अलीकडे ये म्हणालं नाही. चितेला अग्नी देताना मला धुरातून तुझी ती निळी टोपी दिसत होती, आणि तरीसुद्धा, लोतू, तरीसुद्धा मी बोललो नाही.

झालं. लिहिलं. फळी मी उचलली होती.

आता तू विचारशील, मग अंगणात का सांगत नाहीस? अठ्ठावीसला सगळे जमतील, छडी माझ्याच हातात असेल. मी तुला वचन देत नाही. वचन देऊन पळालो तर आणखी एक पाप. मला भीती वाटते. लोक मला पोरीबाळींची भांडणं मिटवायला बोलावतात. योगीचं अजून व्हायचंय. काल स्वप्नात नोखूकाका माझीच बाही हुंगत होते. दिवसा जागा असताना मात्र मला अंजू दिसते. मी तिला शेवटची पाहिली तेव्हा ती दीड वर्षाची होती, तुझ्या पाठीवर झोपलेली. ती जेवत नाहीये हे वाचल्यापासून माझाही घास उतरत नाही. तिचं जेवण माझ्या हातात आहे, हे मला कळतंय.

तिला एवढंच सांग, तिच्या बापानं काही केलेलं नाही. तुला ते माहीतच आहे म्हणा.

दुनीदादा


खरोट
२ मार्च

लोतू,

सत्तावीसला संध्याकाळच्या बसनं तुझी चिठ्ठी आली. मी ती शंभरदा वाचली असेल.

'दादा, पांढरं पाणी मी पाहिलं होतं. मासा माझ्या बोटांत होता तेव्हाच ते वरून आलं. तुझ्या फळीखालूनच आलं. तो हातातच मेला. तू बोलशील म्हणून मी थांबलो होतो. वहिनीनं मासा खाल्ला का, तेवढं कळव.'

म्हणजे तू अंगणात माझ्याकडे पाहिलंस ते सगळं माहीत असून पाहिलंस! मी ओसरीच्या पायरीवरच बसलो. एकवीस वर्षं मी समजत होतो की मी तुझ्यापासून लपवतोय. आणि तू फोनवर 'ठीक दादा' म्हणत होतास.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर शेवटी लिहितो, कारण ते मलाही शेवटीच कळलं. आधी अंगणाचं ऐक.

बेलीरामला मी स्वतः निरोप धाडून बोलावलं होतं. म्हटलं, तुम्हाला खरोटची खरी चौकशी करायची असेल तर अठ्ठावीसला या. तो आला, कोपऱ्यात शाल गुंडाळून बसला. ढोल झाला, नरसिंगा फुंकून झाला. मी छडी घेऊन उभा राहिलो. दरवर्षी मी पहिलं घर पुकारतो ते नोखूकाकांचं. या वर्षी म्हटलं, "पहिलं घर माझं."

नोखूकाका म्हणाले, "अरे, छडी धरणाऱ्याला शपथ नसते. उगीच वेळ लावू नकोस, पाय गारठले आमचे."

मी छडी त्यांच्याच हातात दिली. म्हटलं, "काका, जरा धरा." आणि हात लावला.

लोतू, मी घरी चांगलं मोठं भाषण जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. मी एवढंच बोललो, "अठ्ठ्याण्णव साली नदी लोतूनं मारली नाही. मी मारली. हौदातलं पावडरचं पाणी मी नदीत सोडलं. खड्डा गोठला होता. गाडी येणार होती. मी कुणाला सांगितलं नाही."

खाली नदी वाहताना ऐकू येत होती. नोखूकाकांनी छडी छातीशी धरली. म्हणाले, "खोटं. मी त्याची बाही हुंगली होती. वास होता."

"तो पाण्यात होता, काका. माझं पाणी त्याच्या अंगावर आलं."

"बंदीत पाण्यात कशाला उतरला होता मग? चोरच की!"

मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला. तुझी वहिनी उभी राहिली होती. त्या अंगणात बाईनं उठून बोललेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. "माझ्यासाठी उतरला," म्हणाली. "मला खावंसं वाटत होतं. मी मागितला आणि भावोजी गेले. बोल लावायचा तर मला लावा. ज्या पोराला लावला असतात ते आता सहा फुटाचं झालंय, तिकडे उभं आहे."

योगी खांबाशी उभा होता. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो माझ्याकडे बघत होता. त्याच्या नजरेबद्दल मी लिहीत नाही, मला ते जमणार नाही.

नोखूकाका खाली बसले. छडी मांडीवर आडवी घेऊन म्हणाले, "मी गावोगाव सांगत फिरलो रे. लग्नात सांगितलं, मयतीत सांगितलं. परवा त्या माणसाला सांगितलं. दुनी, तू शेजारी बसून चहा पीत होतास." आणि रडायला लागले. त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी पाणी पुढे केलं तर त्यांनी माझ्या हातचं घेतलं नाही. बरोबरच केलं त्यांनी.

मग देव ज्याच्या तोंडून बोलतो त्या गूरच्या अंगात आलं आणि देवाचा बोल झाला. किल्ल्या माझ्या कमरेच्या काढून घेतल्या. तुझ्या घराची पंगत पहिल्यासारखी झाली. आणि वळणावरचा डोह, जो त्या वर्षापासून बाटलेला म्हणून सोडून दिलाय, तिथे पहिला गळ लोतू टाकेल, तोवर गावातला कुणीही नदीत गळ टाकणार नाही. म्हणजे काल एक मार्च झाला आणि काठावर कुणी नाही. दिल्लीचे पाहुणे काठ्या घेऊन अंगणात येरझारा घालताहेत. तो थोडीशीवाला विचारत होता, नक्की कुणाची वाट बघताय? मी म्हटलं, माझ्या भावाची.

डोहात मासे आलेत बरं का. वरच्या नाल्यातून हळूहळू उतरले असणार. मी काल जाऊन बघितलं. एक चांगला हातभर आहे, मोठ्या दगडाखाली राहतो, तुझ्याच दगडाखाली.

बेलीराम जाताना माझ्याजवळ थांबला. मला वाटलं थुंकतो आता. म्हणाला, "विष घालणाऱ्याची मुलगी नको म्हणालो होतो. पुतणीबद्दल काही बोललो नव्हतो." आणि हसला नाही. मग म्हणाला, "रविवारी बरोटला जातोय. त्या मुलीच्या बापाच्या पाया पडायचं आहे मला." म्हणजे उद्याच तो तुमच्याकडे पोचेल. अंजूला म्हणावं, आता जेव.

आता तुझा प्रश्न.

त्या दिवशी घरी आल्यावर मी चुलीपुढे बसलो. तुझी वहिनी भाकऱ्या थापत होती. मी विचारलं, "लोतूनं आणलेला मासा तू खाल्ला होतास ना?"

ती म्हणाली, "नाही."

"मग?"

"तीनदा धुतला. मीठ लावून धुतला. वास जाईना. शेवटी जर्दाळूखाली पुरला."

मी म्हटलं, "म्हणजे तुला तेव्हाच कळलं?"

"पावडरचं पोतं आपल्याच माळ्यावर होतं. अर्धं रिकामं. मला नाही कळणार?"

मला राग आला, बघ कसा मी! मी तिच्यावर ओरडलो, मग बोलली का नाहीस? तिनं भाकरी उलटली. म्हणाली, "तुम्ही बोलाल म्हणून. आज बोलाल, उद्या बोलाल. मग योगी झाला. मग आई गेल्या. मग तुम्हाला कारदार केलं, तेव्हा मला वाटलं, आता नक्की बोलतील, देवाच्या किल्ल्या घेताना तरी. नंतर मी वाट बघायचं सोडून दिलं. माझंही तोंड तुमच्यासारखंच झालं. आज उभी राहिले ती तुमच्यासाठी नाही. भावोजींसाठी."

एकवीस वर्षं आम्ही एका ताटात जेवलो, लोतू.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे. वहिनीनं मासा खाल्ला नाही. ज्यासाठी तू बंदी मोडलीस, नाव घालवलंस, घर सोडलंस, तो एक मासासुद्धा मी तिच्या तोंडी लागू दिला नाही.

ये असं लिहायचा मला हक्क उरलेला नाही. देवाचा बोल असाही झाला की बोलावणं मी स्वतः न्यायचं, पत्रानं नाही. म्हणून बापूंची काठी उतरवली आहे, तेल लावलं आहे, गळ नवा बांधला आहे. वहिनीची लोकरही बरोबर आहे. हे पत्र आजच्या बसनं पुढे धाडतो, म्हणजे मी अचानक दारात उभा राहून तुला पुन्हा गप्प बसायला लावलं असं व्हायला नको. मंगळवारच्या बसनं निघतो, संध्याकाळच्या आत बरोटला पोचेन. योगी चला म्हणाला नाही. मी विचारलंही नाही.

दार उघडलंस तर आत येईन. नाही उघडलंस तर काठी उंबऱ्याशी उभी करून ठेवीन आणि तुझ्या त्या चहाच्या टपरीच्या बाकावर बसेन. परतीची बस सकाळी आहे. घाई नाही, मला आता कुठल्याच गाडीची घाई नाही. शिव्या घालायच्या असतील तर एकवीस वर्षांच्या साठवून ठेवलेल्या सगळ्या घाल. फक्त 'ठीक दादा' म्हणू नकोस.

अंजूच्या डोक्यावर हात ठेवायचा की नाही ते तिनं ठरवावं.

नदीकडची फळी उचलणारा,
दुनी